रोवेनाने न सांगितलेलं पथ्य

नवरा बुडाल्यापासून रोवेना दिराच्या, डेलमरच्या, बोटीवर शेवंडांचे पिंजरे ओढायची. विधवा भावजयीला कामाला ठेवल्याचे उपकार डेलमर धक्क्यावर चार माणसं जमली की बोलून दाखवायचा.

एका जूनमध्ये तिच्या गुडघ्यामागे गोचीड चावली आणि गोचिडीमुळे येणारा लाइमचा ताप भरला. इथे अमेरिकेत, आमच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर, हा ताप कुणाला नवा नाही. लोक गोळ्या गिळतात, कामाला लागतात. रोवेनाला मात्र औषधंच सोसेनात. पहिल्या गोळीने अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. डॉक्टरीणबाईंनी ती बंद करून दुसरी दिली. ती पोटात गेली की उमासे यायचे, आणि वर ऊन लागलं की कातडी भाजून निघायची. समुद्रावरच्या एका सकाळीत हातांवर फोड आले.

"लांब बाह्या, हातमोजे घालून काम करीन," ती डेलमरला म्हणाली. "फक्त ओकारी आली तर जरा थांबावं लागेल."

डेलमर सगळ्यांना ऐकू जाईल असा हसला. "वहिनी, मी बोट चालवतो, दवाखाना नाही. अख्खं गाव याच गोळ्या खातं, कुणाची कातडी उतरली? मेणाची बाहुली कुठली!"

दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसराच गडी उभा होता. नाव मात्र तिला चिकटलं. दुकानात पाव घ्यायला गेली तरी मागून कुणीतरी "मेणाची बाहुली" म्हणायचं.

रोवेनाने पडदे ओढून घेतले. आधी ओटची लापशी, तीही दुधाशिवाय, मग पेलाभर पाण्याबरोबर गोळी, मग बराच वेळ ताठ बसून राहणं. कपडे वाळत घालायचे तेही ऊन उतरल्यावर. त्या अंधाऱ्या खोलीत ती उमासे दाबत बसायची आणि डेलमरला शिव्या मोजायची. औषध पूर्ण झालं, ताप गेला, सांधे मोकळे झाले. राग तेवढा गेला नाही. पुढे वेस्टा नावाच्या म्हाताऱ्या बाईने तिला आपल्या बोटीवर घेतलं.

पुढच्या वर्षी, ऐन हंगामात, डेलमरला गोचीड चावली. गोळ्यांची बाटली खिशात घालून तो वेस्टाच्या बोटीपाशी आला.

"वहिनी, तूही हीच घेतलीस ना? काही पथ्यबिथ्य असतं का गं?"

रोवेनाने आमिषाच्या पिंपातून मान वर केली. त्याचे उघडे दंड तिने नीट पाहून घेतले.

"तुझ्यासारख्या गड्याला कसलं रे पथ्य?"

वेस्टाने तिच्याकडे पाहिलं. डेलमर खूश होऊन बिनबाह्यांच्या शर्टात समुद्रावर गेला.

आठवडा उलटायच्या आत त्याचे हात उकडलेल्या शेवंडासारखे झाले. बोटं मिटेनात. त्याच्या शिव्यांना कंटाळून गडीही सोडून गेला. हातांना पट्ट्या बांधून तो धक्क्यावर आला तेव्हा सगळे बोटी सोडायच्या तयारीत होते.

"तुला माहीत होतं. सांगायचं होतंस!"

"उन्हात जाऊ नका, असं बाटलीवर चिकटवलेलं होतं. वाचायचं होतंस."

तो हलक्या आवाजात म्हणाला, "माझ्या बोटीवर परत ये, वहिनी. पिंजरे तसेच पडलेत."

"आधी मला काय म्हणाला होतास ते सांग. मोठ्याने."

डेलमरने इकडेतिकडे पाहिलं. सुटका नव्हती. "मेणाची बाहुली म्हणालो होतो. हिला औषध खरंच सोसत नव्हतं. माझं चुकलं."

धक्क्यावर कुणी हसलं नाही. रोवेनाने सगळं ऐकून घेतलं आणि वेस्टाच्या बोटीचा दोर सोडला.

"मग येतेस ना?"

"ऐकायचं होतं, ते ऐकलं. बोट तुझी, तू बघ."

डेलमरची बोट थंडी पडेपर्यंत बांधलेलीच राहिली. त्याचे हात बरे झाले. दोघांचं बोलणं कायमचं तुटलं.

डेलमरने चूक कबूल केली त्या दिवशी खाडीबाहेर पडल्यावर वेस्टाने विचारलं, "आता पडली का जिवाला थंडक?"

रोवेनाने थोडा विचार केला. "जराशी," ती म्हणाली. "पुरती पडायला अजून वेळ लागेल."

वेस्टाने बोट पहिल्या पिंजऱ्याकडे वळवली.