भनपुरीतली बोट

भनपुरीच्या गोदामात बोट आली, तेव्हा इरावतीने तिच्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. राइस मिलच्या यंत्रांचे सुटे भाग विकण्यात तिच्या नवऱ्याचं, श्यामकांत दाणींचं, उभं आयुष्य याच गोदामात गेलं होतं. धंदा पुतण्याच्या हाती सोपवल्यावर ते स्वस्थ बसतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी विशाखापट्टणमहून मागे इंजिन लावलेली, पांढरी फायबरची बोट मागवली.

"मी नाही बसणार," इरावतीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तिला लहानपणापासून पाण्याची धास्ती होती.

"नको बसू. आधी ती बसण्यालायक तर होऊ दे," ते म्हणाले.

सगळा हिवाळा त्यांनी त्या बोटीपायी गोदामात काढला. दुपारी इरावती डबा घेऊन जायची, तेव्हा ते कुठेतरी वाकून बसलेले असायचे. तळात साचलेलं पाणी उपसायचा पंप त्यांनी बादल्या ओतून ओतून तपासला. आग विझवायचं नळकांडं पेट्रोलच्या टाकीजवळ होतं, ते काढून हाताशी लावलं. कारण आग लागली तर टाकीजवळ जाणार कोण? इंजिन बंद पडलं तर म्हणून वल्ही, वाहून जायला लागलो तर म्हणून नांगर आणि लांबलचक दोर. मग एक दिवस त्यांनी लाइफ जॅकेट तिच्याच अंगात चढवलं, पट्टे आवळले आणि खांद्यांना धरून वर ओढलं. जॅकेट तिच्या कानांपर्यंत आलं.

"पाहा. पाण्यात हे असंच वर सरकते अन् माणूस खालून निसटते. तुले लहान माप पाहिजे."

"पण मी बसूनच नाही राहिली!"

"तरी पाहिजे," ते म्हणाले. लहान मापाचं जॅकेट आलं. इरावतीने त्यावर काळ्या धाग्याने स्वतःचं नाव शिवलं, तेव्हा दोघांनाही कळलं की ती बसणार आहे.

सुकाणूच्या चाकाजवळ स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक लाल दोरी होती. "ही चालवणाऱ्याच्या मनगटाले बांधायची. तो पाण्यात पडला की दोरी सुटते अन् इंजिन बंद होते."

"अन् तो पडला नाही, नुसता कोसळला तर?"

"तर तू ओढायची." त्यांनी तिला ती तिथेच, कोरड्या जमिनीवर, हात बसेपर्यंत ओढायला लावली.

त्याच सुमारास एका दुपारी स्क्रू आवळता आवळता ते थांबले. ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते, बोटं शर्टाच्या गुंडीशी चाळा करत होती. तिने दोनदा हाक मारली. मग एकाएकी मान वर करून त्यांनी विचारलं, "काय म्हणून राहिली होतीस?" काम डोक्यात घोळत असेल, असं समजून तिने डबा उघडला.

फेब्रुवारीत बोट चालवायची परवानगी मिळाली आणि धमतरीकडच्या धरणावर पहिली फेरी ठरली. मुलगी श्रावणी तेलीबांध्याच्या ऑफिसातून सुट्टी घेऊन आली होती. तिने काठावर थांबायचं, असा श्यामकांतांचा हुकूम होता.

"आम्ही त्या टेकडीले वळसा घालून येतो. उशीर झाला तर कोणाले फोन करशील?"

"पता है, बाबा. कितनी बार बताओगे?" श्रावणी हसली.

पाणी शांत होतं. बोट काठापासून सुटली तेव्हा इरावतीने बाकाची कड घट्ट धरली होती, पण हळूहळू तिची बोटं सैल झाली. सकाळचं ऊन पाण्यावर पसरलं होतं. नवऱ्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहताना तिला बऱ्याच वर्षांनी त्यांचा अभिमान वाटला.

टेकडीपाशी धरणात बुडालेल्या झाडांचे वाळके खुंट वर डोकावत होते. तिथून वळायचं होतं. बोट वळली नाही.

"अहो, झाडं!"

ते ताठ बसले होते. एक हात चाकावर, दुसरा गुंडीशी. ओठ चघळल्यासारखे हलत होते. डोळे उघडे, पण त्यांत कोणी नव्हतं. खुंट झपाट्याने जवळ येऊ लागले. इरावती उठली, तोल जाऊन गुडघ्यावर पडली आणि तशीच पुढे सरकून तिने लाल दोरी हिसकली. इंजिन गप्प झालं. तरीही वेगात बोट पुढे जातच राहिली. तिने वल्हं उचलून समोरच्या खुंटाला जिवाच्या आकांताने रेटा दिला. बोट करकरत बाजूला फिरली आणि थांबली.

"इंजिन काहून बंद केलं?" श्यामकांतांनी विचारलं.

"तुम्ही ऐकूनच नव्हते राहिले."

"घाबरली असशील तू." ते हसायला गेले. मग त्यांना हाताच्या अंतरावर तो काळा खुंट दिसला आणि पांढऱ्या फायबरवरचा ओरखडा दिसला. चावीकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला.

इरावतीने जॅकेटला अडकवलेली शिट्टी तोंडात धरली आणि दूरवरच्या एका बोटीतली माणसं वळून बघेपर्यंत फुंकत राहिली. त्यांनी दोर बांधून बोट काठाला ओढत आणली. वाटभर श्यामकांत स्वतःच्या बोटीत पाहुण्यासारखे कडेला बसून होते.

"हात-पाय झटकले नाहीत तरी ही फिटच, अपस्माराची," डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. गाडी बंद, पोहणं बंद, बोट तर नाहीच. पूर्ण बरं होईल का, याला त्यांनी 'बघू' म्हटलं.

एका संध्याकाळी श्यामकांत म्हणाले, "तू शीक चालवायले. मी नुसता बसून राहीन."

इरावतीला ते आधीच सुचलं होतं. पण बोटीतले ते उघडे डोळे तिच्या नजरेसमोरून हलत नव्हते. "बोट सांभाळू का तुम्हाले सांभाळू?" ती म्हणाली. "दोन्ही नाही जमणार मले."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

पावसाळ्याआधी बोट विकत घेणारे बिलासपूरचे दोन भाऊ ती न्यायला आले. श्यामकांत त्यांना एकेक वस्तू दाखवू लागले. मुलांच्या जॅकेटचं माप वजनावरून घ्यायचं, हे सांगत असताना धाकट्याने त्यांना थांबवलं. "अंकल, यूट्यूब पे सब है." त्यांनी हातातलं जॅकेट बोटीत ठेवलं. ट्रॉली गाडीला जोडली गेली आणि बोट भनपुरीच्या ट्रकांच्या गर्दीत दिसेनाशी झाली.

घरी परतताना गुढियारीजवळ ऑटो गर्दीत अडकला. श्यामकांतांनी विचारलं, "इरा, त्या दिवशी मी किती वेळ नव्हतो?"

हे त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं.

"मोजला नाही. मले लई वाटला."

"मले तर काहीच आठवत नाही." ते तिच्याकडे वळले. "म्हणजे पाण्यावर तू एकटीच होतीस."

"हव," इरावती म्हणाली. त्यांचा हात शेजारीच होता, पण तिने तो धरला नाही. धरला असता तर दोघांनाही रडू आवरलं नसतं, आणि ऑटोवाला आरशातून बघत होता.