सहावी चिठ्ठी

बाळंतपणाची रजा संपवून मी कामावर परतले, तेव्हा चिठ्ठ्यांची पद्धत नुकतीच सुरू झाली होती. आमचा कारखाना छोटा, पाळणे बनवणारा. नव्या नमुन्यांच्या टेबलाशी माझ्यासकट पाच जण. दर सोमवारी प्रत्येकाने एक कल्पना कागदावर लिहायची, नाव घालायचं नाही, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. साहेब एकेक मोठ्याने वाचणार. सगळ्यांच्या माना हलल्या की ते करायचं. कल्पना कोणाची, हे विचारायचं नाही. विचारलं की लोक कल्पना सोडून माणसाकडे बघतात, असं साहेबांचं म्हणणं. मला ते पटलंही होतं.

फक्त डब्यातून निघायच्या सहा.

"कोणीतरी दोन टाकतंय," मी म्हणाले.

"टाकू दे की," वायरिंग बघणारे काका म्हणाले. "आमच्या डोक्यातून एक निघता निघत नाही, कोणाला तरी जुळी होतायत."

आणि शेवटी निघणारी ती जास्तीची चिठ्ठी सगळ्यांत चांगली असायची. 'बाळ रडल्यावर नाही, रडण्याआधी पाळणा हलावा.' काकांनी गादीखाली कसलीशी पट्टी बसवली आणि ते जमलं. पहिला नमुना घरी वापरून कोण बघणार? तान्हं बाळ माझ्याच घरी, मग मीच नेला.

खरंच, बाळाचं तोंड वाकडं व्हायच्या आत पाळणा हलू लागायचा. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या वेळी हा असता तर तुझा नवरा इतका हट्टी झाला नसता." दोन आठवडे घरात सगळे पोटभर झोपले. मीच तेवढी उठून बघायचे, पाळणा का हलतोय ते. प्रत्येक वेळी बाळ शांत झोपलेलं असायचं.

मग तिसऱ्या सोमवारी साहेबांनी वाचलं, 'डाव्या कानामागे बोट फिरवलं की तो लगेच निजतो. उशीत तशी सोय करावी.'

सगळ्यांच्या माना हलल्या. सवयीने माझीही हलली. मग लक्षात आलं. कानामागचं ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. घरात कोणी नसताना मी तसं करते.

मी नियम मोडला. "ही कोणी लिहिली?"

साहेब चष्मा पुसत बसले. शेवटी कापडकाम करणाऱ्या ताई म्हणाल्या, "अगं, आम्हाला वाटायचं तूच."

"मी? मी यायच्या आधीपासून जास्तीची निघतेय ना?"

"नाही गं. तेव्हा चार जण होतो, चारच निघायच्या."

पुढच्या सोमवारी मी गेले नाही. बाळाला ताप आहे, असं खोटंच कळवलं. सासूबाई भाजी आणायला गेल्या होत्या. मी पाळण्याचा प्लग काढला, वायर पाळण्यापासूनही सोडवली, गुंडाळून कपाटावर ठेवली आणि बाळाला मांडीवर घेऊन बसले. त्या पाळण्यात त्याला पुन्हा ठेवायचं नाही, एवढं नक्की केलं होतं. उद्या नमुना परत, नोकरी राहो न राहो.

अकराच्या सुमाराला ताईंचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"आज चौघेच होतो. पाच निघाल्या."

"पाचवीत काय होतं?"

"'तो मांडीवर आहे. पाळणा रिकामा ठेवू नये.'"

"ताई, तुम्ही काय केलंत?"

"मान हलली गं. वाचून झालं की हलतेच ती. सगळ्यांचीच हलली."

मी फोन खाली ठेवला. बाळ मांडीवर गाढ झोपलं होतं. तोंड जरासं उघडं, मूठ माझ्या पदरात. वायर कपाटावर जशीच्या तशी होती.

समोर रिकामा पाळणा हलू लागला.

मी बाळाच्या डाव्या कानामागे बोट ठेवलं, आणि ते आता रडेल म्हणून श्वास रोखून वाट बघू लागले.