बांबूला कोण ओढतं?

बांबू निघाला आणि अख्खा गाव त्याच्यामागे धावला. किनाऱ्यावरचा गलका ऐकून सरकारी ठाण्यातला गोरा साहेबही तोंडातला पाइप सावरत आला. बांबूच्या पुढच्या टोकाला हेनाओ, मागच्या टोकाला त्याचा चुलतभाऊ. हेनाओचा थोरला भाऊ गाउडी नुकताच वारला होता. त्याचा आत्मा बांबूत शिरलाय म्हणे, आणि ज्यानं चेटूक करून जीव घेतला त्याच्या दाराशी नेणार!

"ढकलू नका, नुसतं धरा! गाउडीच नेतोय!" मांत्रिक मोरेआ गरजत होता. फुकटची सागूची लापशी पोटभर हाणल्यावर आवाज चढणारच.

बांबू हिसके देत गाउडीच्याच खांबांवरच्या घराच्या शिडीवर आदळला. वर त्याची बायको गेउआ बसली होती, अंगाला सुतकाचा चिखल फासून, चेहऱ्यावर जाळी ओढून.

"तोंड लपवतेय, म्हणजे हिचंच पाप," साहेबानं निकाल दिला. नवरा गेल्यावर बायका तोंड झाकतात, एवढंही त्या शहाण्याला ठाऊक नव्हतं.

"हाकला चेटकिणीला! पोर इथंच ठेवून घ्या, ती आपल्या कुळाची!" गाउडीचे भाऊबंद ओरडले.

गेउआनं तान्ह्या मुलीला छातीशी धरलं. सुतकात बाईनं बोलायचं नसतं, पण ती बोलली. "भावजी, तेच नेताहेत ना बांबू? मग तुम्हा दोघांना डोळे कशाला हवेत? बांधा की!"

"आत्म्याची परीक्षा घेतेस?" मोरेआ खेकसला.

"आत्म्याचे कुठं बांधायचेत?" एक म्हातारी म्हणाली. "पोरांचे बांधू."

दोघांचे डोळे बांधून त्यांना गरागरा फिरवलं. बांबू थेट डुकरांच्या कुंपणात घुसला. पुन्हा फिरवलं, तर समुद्रात!

"अगं बाई, डुकरिणीनं मारलं वाटतं गाउडीला!" लोक पोट धरून हसले. मोरेआ हळूच सटकला.

हेनाओला हसू येईना. बांबू ओढतोय असं त्याला खरंच वाटलं होतं. पण वाट त्याच्याच डोळ्यांना ठाऊक होती. गाउडी तापानं फणफणला तेव्हा मिशनच्या दवाखान्यात न्यायला गेउआनं होडी मागितली होती, पाया पडून. हेनाओ ती घेऊन होणाऱ्या सासुरवाडीला गेला, नवरीचं मोल म्हणून द्यायचे शिंपल्यांचे हार पोचवायला. हे फक्त तिलाच माहीत होतं. ती नजरेसमोर नको होती त्याला.

त्यानं बांबू खाली टाकला.

"बांबूत कुणी नाही," तो म्हणाला. "हात आमचे. मनात जे घर असतं, तिकडे हात आपोआप वळतात, आपल्याला कळतसुद्धा नाही. दादा तापानं गेला. होडी माझ्यापाशी होती, वहिनीला मी दिली नाही."

पोर मागणारे मागे सरले. गेउआनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"यापुढे कुणाला ताप आला तर मांत्रिकाला बोलावू नका," हेनाओ म्हणाला. "होडी काढा. त्याच दिवशी काढा."