खात्याला कुणाचा नंबर?

चष्म्याच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली, यंत्रं थांबली, तरी धाकटी हातातलं भिंग खाली ठेवायला तयार नव्हती. भिंगाचा अक्ष जरासा फिरला होता. ते तसंच चौकटीत बसवलं असतं तर वरवर पाहणाऱ्याला काही कळलं नसतं. घालणाऱ्याला मात्र सपाट जमीन कलती दिसली असती. तिने ते काढून पुन्हा बसवलं, तपासलं, आणि मगच डबा उघडला.

सासरी ती धाकटी सून. परदेशात आली तरी ओळखीच्या सगळ्यांत तेच नाव चिकटलं होतं.

मालक तिच्या टेबलापाशी आला. "पुढच्या महिन्यापासून ज्याचा पगार त्याच्याच खात्यात. नवऱ्याच्या खात्यात आता चालणार नाही, नियम बदललाय. तुझं खातं नसेल तर मला तुला ठेवता येणार नाही. आणि तुझ्यासारखा हात मला कुठे मिळणार? तेव्हा लवकर काढ."

संध्याकाळी तिने घरी सांगितलं. गोदामातून आलेला नवरा पाय लांब करून बसला होता. तो दारू पीत नसे, हात उगारत नसे, महिन्याचा किराणा न मागता भरून आणी. ओळखीतल्या बायका त्याचं उदाहरण देत.

"काढू की," तो म्हणाला. "फोन नंबर माझा देऊ. कार्ड माझ्याकडे राहील. म्हणजे तुझ्या डोक्याला ताप नको."

"आणि मला काही लागलं तर?"

"मी कधी नाही म्हटलंय? आईची पेन्शन इतकी वर्षं दादा सांभाळतोय. तिने कधी तोंड उघडलं?"

सासूबाईंनी सगळी नोकरी रुग्णालयात नर्स म्हणून केली होती. त्यांच्या कडक आवाजाला तिथले डॉक्टरही बिचकत, असं घरात कौतुकाने सांगत. त्याच सासूबाई थोरल्याकडे औषधाला पैसे मागताना आवाज बारीक करत, ते धाकटीने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

वरच्या मजल्यावर आपल्याकडच्याच एक वहिनी राहत. त्यांचं खातं होतं. धाकटी विचारायला गेली तेव्हा त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"आहे ना बाई, माझ्या नावाचं आहे! पण त्यात किती आहेत ते यांना विचार," म्हणून त्या खळखळून हसल्या. "मेसेज यांना येतात, कार्ड यांच्या पाकिटात. मला बँकेचं साधं दार उघडायला जमत नाही, आतले व्यवहार कुठले जमणार!"

मग घडी घालता घालता त्यांचा हात थांबला. "परवा पोरीला बूट घ्यायला गेले. पैसे पाठवा म्हणायला फोन केला, तर यांनी उचललाच नाही. पोरीच्या पायातले बूट काढून परत फळीवर ठेवले. दुकानातली बाई बघत होती गं."

या वेळी त्या हसल्या नाहीत.

आपल्या लोकांनी ही नवी रीत फार सफाईने बसवली आहे. बाईला शिकवायचं, नोकरीला पाठवायचं, तिच्या नावाने खातंही काढायचं. आणि त्या खात्याची किल्ली असलेला फोन नंबर तेवढा पुरुषाचा लिहायचा. कुणी विचारलंच तर नाव दाखवता येतं. जाच असा कुठे दिसतच नाही.

दोघं बँकेत गेली. काउंटरवरच्या मुलीने धाकटीचा पासपोर्ट पाहिला, राहण्याचा परवाना पाहिला, कारखान्याचं पत्र पाहिलं. मग तिची मान हलली.

"तुमचा पत्ता कशावरून? भाडेकरार यांच्या नावाने, विजेचं बिल यांच्या नावाने, पाण्याचंही यांच्याच. तुम्ही या शहरात राहता असं कुठेच दिसत नाही."

धाकटीला ऐकून कसंसंच झालं. त्या घराचे पडदे तिने शिवले होते. गळका नळ तिने बदलला होता.

"हरकत नाही," मुलगी पुढे म्हणाली. "परक्या देशातून आलेल्या बऱ्याच बायकांचं असंच असतं. 'ही माझ्या घरात राहते,' एवढं यांनी लिहून सही केली की झालं."

नवऱ्याने ऐटीत पेन उचललं. मुलगी कळफलकावर माहिती भरू लागली. "फोन नंबर?"

नवरा पाठ असलेले आकडे सांगू लागला.

"थांबा," धाकटी तिथल्या भाषेत म्हणाली. तिचे उच्चार अडखळत होते, आवाज मात्र नाही. "तो यांचा आहे. खातं माझं आहे. माझा लिहा."

"अगं, काय चाललंय?" नवरा दातांवर दात ठेवून मराठीत म्हणाला. "चारचौघांत तमाशा नको."

"तमाशा कसला? नंबर सांगतेय."

"मग मी सही करणार नाही. बघू कुठला पत्ता देतेस."

त्याने पेनाला टोपण लावलं आणि तो उठून चालता झाला.

काउंटरवरच्या मुलीला शब्द कळले नव्हते, पेनाचं टोपण मात्र कळलं. ती हळूच म्हणाली, "घरमालकाची सहीसुद्धा चालते."

घरमालकीणबाई तळमजल्यावर राहत. काठी टेकत चालणाऱ्या, तिरसट म्हणून साऱ्या गल्लीत प्रसिद्ध. धाकटीने दारातच सगळं सांगितलं. आपल्याच घरात आपण राहतो असं दुसऱ्याकडून लिहून मागताना तिचे कान तापले होते.

"जिना कोण पुसतं?" बाई खेकसल्या. "माझा हा चष्मा कुणी नीट करून आणला? तू या घरात राहतेस हे मला तुझ्या नवऱ्याने सांगायचं होय? थांब, कोट घालते. सही कागदावर पाठवणार नाही. स्वतः येणार."

त्या आल्या. सही करताना काउंटरवरच्या मुलीला त्यांनी ऐकवलं, "पुढच्या भाडेकरारात हिचंही नाव घालणार आहे. नाहीतर दोघांनी दुसरं घर शोधा म्हणावं."

धाकटीच्या फोनवर बँकेचा पहिला मेसेज वाजला, तेव्हा नवरा समोरच बसला होता.

"खात्याचा कोड काय ठेवलास?"

"माझा आहे."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे की. म्हणून तर तुमचा कोड मी आजवर कधी विचारला नाही." ती पोळपाटावरचं पीठ झटकत म्हणाली. "भाड्यातला वाटा देईन, किराण्यातला देईन. पण मी देईन, तुम्ही काढून घ्यायचा नाही. आणि दोघांचं मिळून एक खातं हवं असेल तर तेही काढू. त्याला दोन नंबर लागतील."

"आईलाच सांगतो!" त्याने फोन लावला, धाकटीलाही ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला, आणि बँकेपासून घरमालकिणीपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं. "आता तूच समजाव हिला!"

पलीकडचा टीव्ही बंद झाला.

"आई? ऐकतेस ना?"

"तू जरा गप्प बस," सासूबाई म्हणाल्या. जुना, वॉर्डातला आवाज. "धाकटे, आहेस का तिथे?"

"हो आई."

"माझ्या खात्यावरचा फोन नंबर बदलायचा तर थोरल्याची सही लागते का गं?"

नवऱ्याचा हात फोनकडे गेला आणि अधांतरीच राहिला. धाकटीने पिठाचे हात पदराला पुसले आणि खुर्ची ओढून ती फोनसमोर बसली.

"नाही आई. तुमची एकटीची पुरते."

"मग उद्याच जाते. बँकेत गेल्यावर आधी काय म्हणायचं, ते नीट सांग बघू."