फोटोतलं काप

सिंधुबाईच्या घरातलं सोनं कुणाला लहान दिसलं, असं ब्राह्मणपुरीत कधी घडलं नव्हतं. ज्याला दिसलं त्याचे डोळे अधू, असा त्या घरचा कायदा होता आणि तो सिंधुबाईनेच केला होता.

तिच्या रूपचंदचं लग्न तळोद्याकडच्या दगूबाईच्या नातीशी, कोकिळाशी, ठरलं. चाल अशी की मुलाकडचे दागिने ताटात घालून मुलीच्या घरी न्यायचे, तिकडच्या बायांनी ते हातावर तोलायचे आणि मग तिथी धरायची. पण त्या साली तळोद्याच्या वाटेवर गाड्या लुटल्या जात होत्या. सिंधुबाई म्हणाली, सोनं घरात राहील, त्याचा फोटो जाईल. देवाच्या फोटोला लोक हात जोडतात, मग इहिणीला सोन्याचा फोटो चालायला काय झालं?

शहाद्याहून दोधू फोटोवाला गाडीत पेटी घालून आला. सगळ्यात मोलाचा दागिना म्हणजे कानातलं काप, पाळीवर फुलासारखं बसणारं, बोराएवढं. दोधूने ते काळ्या फडक्यावर ठेवलं. कॅमेऱ्याला लोहाराच्या असतो तसा चामड्याचा भाता होता. वस्तू लांब असली की भाता मिटायचा आणि ती मागच्या काचेवर बारकी दिसायची. वस्तू जवळ घेऊन भाता ताणत गेलं की ती वाढत जायची. अर्ध्या वाटेवर दोधू थांबला. इथे काप काचेवर बरोबर कापाएवढंच आहे, एकास एक, म्हणाला, फोटो असाच काढावा.

सिंधुबाईने कॅमेऱ्यामागच्या काळ्या फडक्यात डोकं घातलं. काचेवर तिचं काप उलटं आणि बोराएवढं दिसलं. उलटं तिने खपवून घेतलं.

"मन्हं सोनं इतलंसं? वढ अजून."

दोधूने सांगून पाहिलं, की भाता लांबला तर उजेड पातळ होतो, कड अंधूक येते, आणि मुख्य म्हणजे एकास चार होईल. सिंधुबाई म्हणाली, चारच का, तुझा भाता म्हातारा झाला का? शेवटी तो फाटायच्या बेताला आल्यावर ती गप्प झाली. छापून आलेल्या फोटोत काप पुरीएवढं होतं, आणि त्यात अडकलेला तिचा एक केस सुतळीसारखा दिसत होता.

फोटो गेला आणि दगूबाईकडून तिथीच येईना. फोटो घेऊन गेलेला मध्यस्थ परत आला तो सिंधुबाईपासून जरा लांबच उभा राहिला.

दगूबाईच्या घरात आजवर एकच फोटो होता, तिच्या मालकाचा. मालक दारात वाकून शिरणारा, आणि फोटोत वीतभर. म्हणजे फोटोत वस्तू आटते, हे तिला पक्कं ठाऊक. मग जे काप आटूनसुद्धा पुरीएवढं उरतं, ते मुळात गाडीच्या चाकाएवढं असणार. त्या घरात आता दार रुंद करायचं चाललं होतं. कोकिळा कानाला अडकित्ते बांधून मान कमावत होती. सगळ्या गावाला काप सांगून झालं होतं. दगूबाईचा निरोप एवढाच होता, की पोरीची मान तयार व्हायला दोन वर्षं लागतील, आणि सासूचे केस असे सुतळीसारखे असतील तर त्याचाही विचार करावा लागेल.

रूपचंद जेवण टाकून उठला. माय, काप बोराएवढं आहे म्हणून कळवून टाक, म्हणाला. सिंधुबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा ताटावर बसला. बोर हा शब्द तिच्या तोंडून निघणार नव्हता. पण दोन वर्षांत पोरगी दुसरीकडे जाईल, आणि पोरगा असाच ताट टाकून उठत राहील, हेही तिला दिसत होतं.

तिने तोडगा काढला. काप कमरेला खोचलं, दोधूला आणि चार लाठीवाल्यांना गाडीत घातलं आणि तळोद्याकडे निघाली. तिथे कोकिळाच्या कानाचा फोटो काढवला, भाता तितकाच ताणून, आणि अंधाऱ्या खोलीत तिथेच छापून घेतला. दोन्ही फोटो शेजारी ठेवले. पुरीएवढं काप, त्याला शोभणारी पाळी. सारखंच ताणलं की मापाला माप बसतं. लहान हा शब्द न उच्चारता काम झालं, म्हणून ती ऐटीत बसली.

दगूबाईने कानाचा फोटो हातात घेतला. एकटी पाळीच तळहाताएवढी. हे आटून एवढं, तर मूळचं केवढं, याचा हिशेब तिच्या चेहऱ्यावर चढत गेला.

"इहीण, आमनी पोरले कान शेतस, सुपडा नहीत. ऊठ."

कोकिळा दारामागे उभी होती, दोन्ही कानांना अडकित्ते, मान ताठ, डोळे भरलेले. सिंधुबाई उठली. दारापर्यंत गेली. पोरीच्या कानाचा अडकित्ता तिने सोडला, आणि त्याखालची लाल पाळी पाहून कमरेचं काप काढून तिथे घातलं.

"फोटोमा चारपट शे," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "खरं इतलंच शे."

कोकिळाने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

"मोठी माय," ती आजीला म्हणाली, "हलकं शे हाई."

दगूबाईने काप पाहिलं, फोटो पाहिला, नव्याने रुंद केलेलं दार पाहिलं. मग दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, की गावाला चाक सांगून ठेवलंय, त्याचं आता काय करायचं?

इतकी अक्कल असलेली बाई सिंधुबाईला बऱ्याच दिवसांनी भेटली होती. ती परत खाली बसली. तिथी तिथेच धरली गेली.

लग्नात वरातीच्या पुढे ताट होतं आणि ताटात कापाचा फोटो, लोकांच्या नाकाशी धरलेला. नवरी पार मागच्या गाडीत. जवळची वस्तू मोठी दिसते, लांबची बारकी, हे सिंधुबाई दोधूच्या फडक्यात शिकली होती. जो कुणी मागच्या गाडीकडे सरकू लागे, त्याला दोघी इहिणी मिळून पुढे हाकलत होत्या.