ऐंशी सेंटिमीटर

"पंप बंद करून किती वेळ झाला, ते आधी सांग," कठड्यावर पिशवी टेकवत मोजणीबाई म्हणाल्या.

"कसला पंप नि कसलं काय," ताई म्हणाली. "आठ दिवस झाले, नुसता गुरगुरतोय. बंदच ठेवलाय."

पोलादी टेपच्या खालच्या टोकाला मोजणीबाईंनी खडू फासला आणि कठड्यावरच्या लाल खुणेला टेकवून टेप विहिरीत सोडला. खडू भिजला की रंग बदलतो. बदलला तिथे पाणी. सव्वीस वर्षं भूजल खात्यात त्या हेच करत आल्या होत्या. चोपन्न विहिरी, वर्षातून चार वेळा. कचेरीत त्यांचं खरं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं. ताई मात्र त्यांना पंचावन्नाव्या वर्षीही चिमीच म्हणायची.

चोपन्नांतली ही एक विहीर सख्ख्या बहिणीच्या परसात होती. आईबाबा गेल्यानंतर माहेर म्हणून जायचं ते इथेच, आणि तेही कामाच्या निमित्ताने.

खालून टपकन आवाज आला आणि टेप सैल पडला. त्यांनी तो वर ओढला. खडू पांढराफटक. टोकाच्या वजनाला चिमूटभर चिखल.

तेवढ्यात भाऊजी मागच्या रोपवाटिकेतून हात झटकत आले. "काय मेहुणीबाई, किती?"

"कोरडी आहे."

भाऊजींनी विहिरीत वाकून पाहिलं. जणू बाईंचं काही चुकलं असेल आणि त्यांना दिसेल. मग ते हळू आवाजात म्हणाले, "हे बघा, बोअरच्या मशीनला पुढच्या महिन्यात आमचा नंबर लागलाय. त्याआधी तुमच्या खात्याची पाणी खालावलेल्या भागांची यादी आली आणि आपला भाग त्यात गेला, की नव्या बोअरला बंदी. तेवढं थोपवा. मागच्या वेळचाच आकडा टाका."

"त्याच यादीवरून ओढ्यावर बांध मंजूर होणार आहेत, भाऊजी. पाणी मुरवायचे खड्डेही."

"बांध होईपर्यंत माझी रोपं काय वाट बघत बसणार आहेत?"

आता ताई म्हणाली, "चिमे, मागे नाही का केलंस? ऐंशी सेंटिमीटर."

मोजणीबाईंचा हात टेप गुंडाळता गुंडाळता थांबला.

चार वर्षं झाली होती त्याला. भाऊजी तेव्हा दवाखान्यात होते आणि सगळी रोपवाटिका ताईच्या गळ्यात पडली होती. "बंदी आली तर यांना सांगू तरी काय?" म्हणून ती याच कठड्याशी रडली होती. मोजणीबाईंनी पाणी होतं त्याहून ऐंशी सेंटिमीटर वर लिहिलं. एका विहिरीवर यादी थोडीच ठरते, अशी मनाची समजूत घातली. यादी आली. हा भाग थोडक्यात वाचला. ताईने बोअर घेतला आणि तो तीन वर्षं चालला. पण तेवढ्या काळात आजूबाजूला आणखी एकोणीस बोअर पडले. किती पडले ते टिपून ठेवणं हेही मोजणीबाईंचंच काम होतं.

"ताई, तेव्हाच बंदी आली असती तर हे एकोणीस बोअर पडलेच नसते," त्या म्हणाल्या. "तुझी विहीर मी आटवली."

"वेड लागलंय का तुला? तू काय बसून उपसा केलास?"

"आणि बंदी आली तरी लोक चोरून मशीन लावणारच," भाऊजी म्हणाले. "मग प्रामाणिकपणाचा मक्ता आमच्याच परसाने घ्यायचा?"

"लावतील, भाऊजी. पण माझ्या आकड्याच्या आधाराने नको."

त्यांनी वही उघडली आणि 'कोरडी' असं लिहिलं. भाऊजी रोपांकडे निघून गेले. ताई दाराशी जाऊन वळली. "चहा नको असेल ना तुला?" एरवी ती टाकू का म्हणूनही विचारत नसे, सरळ आधण ठेवायची.

"नको," मोजणीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांसमोर एक कागद ठेवला. साहेब वयाने त्यांच्या भाच्याएवढे. त्यांनी तो दोनदा वाचला.

"बाई, चार वर्षांपूर्वीचा आकडा आता कोण काढतंय? दोन-तीन वर्षांत निवृत्त व्हाल. कागद घेऊन जा, मी काही पाहिलं नाही."

"साहेब, तुम्ही आमच्या आकड्यांवरून नकाशा काढता. त्यातला एक ठिपका खोटा आहे. आजवर ते खात्यात मला एकटीला माहीत होतं. आता दोघांना झालं."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मला हे वर पाठवावं लागेल."

"पाठवा."

महिनाभरात ठपक्याचं पत्र आलं. मोजणीबाईंची फिरती बंद झाली आणि त्यांना जुन्या नोंदींच्या खोलीत बसवलं. तिथे खिडकीसुद्धा फाइलींनी अडली होती. यादी निघाली आणि ताईचा भाग त्यात गेला. मशीन काही आलं नाही. भाऊजींनी निम्मी रोपवाटिका बंद केली, हे त्यांना ताईकडून नाही, तिकडे जाऊन आलेल्या शिपायाकडून कळलं. फोन केला की ताई "हो, बरं आहे" म्हणायची आणि ठेवून द्यायची.

ओढ्यावर तीन बांध झाले. एकाला पहिल्याच वर्षी चीर गेली, दोन टिकले. शाळेच्या छपरावरचं पाणी जमिनीत सोडलं. ताईची विहीर खात्याने मोजणीतून काढून टाकली, कारण कोरड्या विहिरीचा खात्याला उपयोग नसतो. त्याऐवजी शाळेच्या मैदानात एक बारीक नळी पुरली. तिच्यातलं यंत्र आपलं आपणच आकडे पाठवायचं. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात मोजणीबाईंनी ते आकडे काढून पाहिले. वर्षभरात पाणी पस्तीस सेंटिमीटर वर आलं होतं. अहवालात शेरा होता : 'वाढ नगण्य.' त्या शेऱ्याकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

निवृत्तीनंतरच्या सोमवारी त्या बसने निघाल्या. खांद्याला पिशवी नव्हती, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. भाऊजी दारातच भेटले. "या," एवढंच म्हणून ते बाजूला झाले. ताई मागच्या पायरीवर मटार सोलत बसली होती.

"आज कसली मोजणी?" तिने मान वर न करता विचारलं.

"कसलीच नाही. संपली नोकरी."

"मग?"

"मग काही नाही. आले."

त्या पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. ताई शेंगा फोडत राहिली. मग ताईने मटारची पिशवी उचलून दोघींच्या मध्ये ठेवली.

"कीड बघून घे," ती म्हणाली.

मोजणीबाईंनी एक शेंग उचलली.