आधी रिकामी फेरी

आमच्या ह्यांनी आयुष्यभर माणसांना खालून वर आणि वरून खाली नेलं. लिफ्टचा धंदा. सुरुवातीला दुसऱ्याच्या कंपनीत दुरुस्तीला जायचे, मग स्वतःची कंपनी काढली आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर ती एका मोठ्या कंपनीला विकून टाकली. आता घरात निवांत बसतील, माझ्याशी दोन शब्द बोलतील, असं मला वाटलं होतं. मला काय वाटावं याला काही धरबंध नाही.

त्यांनी यॉट घेतली.

त्याला निमित्त झाली माझी ताई. ताई माझ्याहून बरीच मोठी. आई नोकरीवर जायची, त्यामुळे माझ्या वेण्या ताईनेच घातल्या आणि पाठीत धपाटेही तिनेच घातले. लग्न होऊन ती एका बेटावर गेली. पूर्वी तिकडे प्रवासी बोट जायची, ती बंद पडली आणि आता जातं ते एक छोटं विमान. माझ्या कानाचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी मला विमानाची बंदी केली आहे आणि ताईच्या डोळ्याचं झाल्यापासून तिच्या डॉक्टरांनी तिला. दोघी एका आईच्या लेकी, दुखणीसुद्धा वाटून घेतलेली.

ताईचा एक डोळा गेलाच होता. दुसराही हळूहळू निघाला होता. "दिसतंय तोवर येऊन जा गं," ती फोनवर म्हणायची. "नंतर तू आलीस काय आणि शेजारीण आली काय, मला सारखंच." असं म्हणून ती हसायची आणि मी फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

एकदा ह्यांनी ते पाहिलं. "रडू नकोस," म्हणाले. "मी तुला ताईंच्या दारात नेऊन सोडतो."

दुसरा कुणी असता तर त्याने एखादी बोट भाड्याने ठरवली असती. पण दुसऱ्याच्या यंत्रावर विश्वास ठेवतील तर ते आमचे हे कसले!

यॉट विकणारा मुलगा फार गोड बोलणारा होता. आम्हाला धक्क्यावर नेऊन म्हणाला, "साहेब, ही लांब पल्ल्याची. एकदा टाक्या भरल्या की महासागर पार."

"आम्हाला महासागर पार करायचा नाही," मी म्हटलं. "बहिणीकडे जायचंय."

"मॅडम, बहीण महासागरापलीकडे असली तरी हरकत नाही."

"ती अलीकडेच आहे हो."

त्याने मला सगळं फिरवून दाखवलं. पांढरे सोफे, काचेचा जिना, आमच्या घरातल्यापेक्षा मोठी झोपायची खोली. पलंग जमिनीला ठोकलेला, म्हणजे खालून केर काढायची सोय नाही. मी तसं म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. तेवढ्यात लक्षात आलं की हे बरोबर नाहीत. ते सरळ इंजिनरूममध्ये उतरले होते. खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून त्याचं टोक इंजिनला टेकवलं होतं, मूठ कानाला लावली होती आणि डोळे मिटून ऐकत होते. यंत्रातला कुठलाही आवाज ह्यांना ऐकू येतो. बायकोचा तेवढा येत नाही.

"घेतली," ते वर येऊन म्हणाले. सोफ्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

यॉट घेणं आणि यॉट बाळगणं यात काय फरक असतो, ते मला नंतर कळलं. धक्क्यावर तिला बांधून ठेवायला जागा लागते. वर चढताना चपला काढून टोपलीत ठेवाव्या लागतात, नाहीतर लाकडी फळ्यांवर चरे पडतात. आणि एक कॅप्टन लागतो. आमचा कॅप्टन मालवाहू जहाजांवरून निवृत्त झालेला, वादळं पाहिलेला माणूस. त्याला आम्ही जहाज चालवायचा पगार देत होतो आणि तो दिवसभर कठडे पुसत होता. शेवटी कंटाळून त्याने मागच्या बाजूला कुंड्यांत मिरच्या लावल्या.

कारण यॉट जागची हलेचना. निघायची तारीख ठरली की मी बॅगा भरायचे आणि हे स्क्रूड्रायव्हर कानाला लावून म्हणायचे, "आवाज येतोय." आधी जनरेटरमध्ये आला. मग त्याच्या जोडीला बसवलेल्या दुसऱ्या जनरेटरमध्ये आला. बोट डोलू नये म्हणून पाण्याखाली दोन्ही अंगांना पंख असतात, त्यांच्यात आला. खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र आहे, ते उघडून महिनाभर पसरून ठेवलं. मिरच्यांना फुलं आली.

मधल्या वेळात त्यांनी यॉटची पार लिफ्ट करून टाकली. बैठकीच्या दारावर पितळी पाटी आली, 'क्षमता : आठ माणसे'. प्रत्येक खोलीत लाल बटण आलं. ते दाबलं की ह्यांच्या उशाशी घंटा वाजते. मी एकदा चुकून त्यावर टॉवेल अडकवला, तर हे अंगभर ग्रीस घेऊन धावत आले.

नातेवाईक बघायला यायचे, फोटो काढायचे. मी त्यांना दोरांनी बांधलेल्या यॉटवर चहा द्यायचे. "मग, कुठे कुठे जाऊन आलात?" कुणीतरी विचारायचंच. लांब पल्ल्याची आमची यॉट, तिचा सगळ्यांत लांबचा प्रवास म्हणजे धक्क्याच्या पलीकडच्या डिझेल पंपापर्यंत. मी म्हणायचे, "ह्यांना अजून सवड नाही झाली," आणि बशीतली बिस्किटं त्यांच्या पुढे सरकवायचे.

मग ताईचा फोन आला. नेहमीसारखीच हसत होती. "अगं, काल बातम्या देणारी बाई आहे की बुवा, तेच मला कळेना. आवाज ऐकल्यावर कळलं." आणि मग म्हणाली, "आता नाही आलीस तरी चालेल. एवढी दगदग कशाला?"

ताईने आयुष्यात मला कधी 'नाही आलीस तरी चालेल' म्हटलं नव्हतं. मी तशीच धक्क्यावर गेले. कॅप्टन मिरच्या तोडत होता, हे इंजिनरूममध्ये होते. मी वरूनच ओरडले.

"अहो, उद्या सकाळी निघायचं! आवाज येऊ दे, धूर येऊ दे, नाहीतर वल्ही मारत जायची वेळ येऊ दे. उद्या म्हणजे उद्या!"

"अगं, पण अजून..."

"अजून काय? ताईला मी दिसायची बंद झाले की ही यॉट काय जाळायची आहे?"

ते शिडीवर अर्धे वर आले. तोंडाला काळं लागलेलं. "माझा नियम तुला माहीत आहे," म्हणाले.

तो मला माहीत नसेल? लिफ्ट दुरुस्त झाली की पहिली फेरी स्वतः एकट्याने मारायची, खालून थेट वरपर्यंत. मगच माणसं आत. एकदा आमच्याच इमारतीत मी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन उभी होते आणि हे मला "थांब" म्हणून एकटे वर गेले होते. पिशवीचा बंद तुटला, बटाटे जिन्यावरून घरंगळत गेले, तरी नियम म्हणजे नियम.

"लिफ्ट अडकली तर माणूस घंटा वाजवतो आणि मी जातो," ते म्हणाले. "समुद्राच्या मध्ये अडकलो तर कोण येणार? आणि आत तू असशील."

मला वाईट वाटलं, पण रागही उतरला नव्हता. "उद्या," एवढंच म्हणून मी घरी आले आणि बॅगा भरल्या. हे उजाडायच्या आतच धक्क्यावर गेले होते. तयारीला गेले असतील, असं मी धरून चालले.

सकाळी मी बॅगा ओढत धक्क्यावर पोचले, तर यॉट जागेवर नव्हती. नुसतं पाणी. धक्क्यावर चपलांची टोपली होती आणि टोपलीत ह्यांच्या चपला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या बहिणीकडे जायचं, माझ्यासाठी घेतलेल्या यॉटमधून, आणि हा माणूस मला धक्क्यावर सोडून एकटा रिकामी फेरी मारायला गेला! मी त्या टोपलीला एक लाथ मारली. पायालाच लागलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. रागाने बोलत नव्हते म्हणावं, तर बोलायला समोर कुणी नव्हतं. वाऱ्याने खिडकी आपटली तरी धडकी भरत होती आणि धडकी भरली की आणखी राग येत होता. शेवटी फोन वाजला.

"पोचलो," हे म्हणाले. आवाज अगदी खोल गेलेला. "ताईंनी जेवायला वाढलंय."

"जेवा! माझ्या ताईच्या हातचं तुम्ही जेवा आणि मी इथे टोपलीची राखण करते!"

"अगं, ऐक तरी..."

मी फोन आपटला. मग मला आठवलं की ताईशी बोलायचं राहिलंच. उलट फोन लावला तर लागेना. नंतरही लागला नाही. ताईच्या घरचाही कुणी उचलेना. आता मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. रोज धक्क्यावर जाऊन बसायला लागले. शेजारच्या बोटीवाल्यांना वाटलं, बाईची यॉट चोरीला गेली.

आणि एका दुपारी ती आली. हळूहळू, सरळ रेषेत, लिफ्ट मजल्याला लागावी तशी धक्क्याला लागली. मी टोपलीपाशी कमरेवर हात ठेवून उभी होते. काय काय बोलायचं ते सगळं मनात रचून ठेवलं होतं.

पहिल्यांदा कॅप्टन उतरला. "बाई, साहेबांना काही बोलू नका," तो हळूच म्हणाला. "जाताना पूर्ण वाटभर उलट्या करत होते. मी म्हटलं, परत फिरू. तर बादली घेऊन इंजिनरूममध्ये जाऊन बसले. म्हणाले, आवाज ऐकायचाय."

"मग फोन का लागत नव्हता?"

"तुमच्याशी बोलणं झाल्यावर साहेबांचा त्याच बादलीत पडला."

तेवढ्यात आत घंटा वाजायला लागली. थांबेचना. "ही काय भानगड?" मी विचारलं.

"त्या येताना सारख्या बटण दाबतायत," कॅप्टन म्हणाला. "साहेब धावत येतात, त्याची त्यांना गंमत वाटते."

"त्या कोण?"

पांढऱ्या सोफ्यांमधून, भिंतीला हात लावत लावत, माझी ताई बाहेर आली. मागे हे, पिवळे पडलेले, गालफडं आत गेलेली, दोन्ही हात तिच्या मागे पसरलेले. "नियमात एकच फेरी रिकामी," ते मला म्हणाले. "येताना माणसं चालतात."

माझं रचून ठेवलेलं सगळं जागच्या जागी विरलं. ह्यांनी ताईला हात धरून खाली उतरवलं आणि मी हाक मारली. ती माझ्या आवाजाच्या दिशेने आली, दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं आणि स्वतःचं तोंड वीतभर अंतरावर आणलं. उरलेला डोळा बारीक करून ती माझ्याकडे बघत राहिली. कपाळ पाहिलं, गाल पाहिले, हनुवटी पाहिली. तिला मी दिसते आहे की नाही, हे विचारायचा मला धीर होईना.

"अगं बाई," ताई म्हणाली, "किती जाड झालीस!"

मी तिथेच, सगळ्या बोटीवाल्यांच्या देखत, गळा काढून रडायला लागले.

हे तोवर इंजिन बंद करायला आत गेले होते. ते स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन धावत बाहेर आले. "कसला आवाज येतोय?"

"मी रडतेय, अहो," मी म्हटलं.

तेव्हा कुठे त्यांनी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला.